पान अकरावर लिहिलं होतं, तरी कुणालाच कळलं नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात अभियंता आहेत. नव्या पंपाच्या चाचणीत, जास्त भार दिला की एक बेअरिंग मर्यादेबाहेर तापतं, हे त्यांच्या लक्षात आलं. २६ पानी अहवालात अकराव्या पानावर त्यांनी ते नोंदवलं. सह्या झाल्या, फाइल पुढे सरकली. काही महिन्यांनी दुसऱ्या तपासणीत तीच गोष्ट निघाली, तेव्हा वरिष्ठ भर बैठकीत म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." ताईंनी पान काढून दाखवलं. त्यावर उत्तर मिळालं, "असं लिहिल्यावर कुणाला काय कळणार?" ताई दुखावल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं: माझं काम मोजण्याचं, लिहिण्याचं नाही. आकडे समोर असताना वेगळं काय सांगायचं? इंग्रजी बेताचं आहे, आणि फार सोपं लिहिलं तर समज कच्ची वाटेल. तेव्हा अहवाल लिहिण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे किंवा एखाद्या एआय साधनाकडे द्यावं, की नोकरीच बदलावी? ते वाक्य आणि चाचणीचा तक्ता त्यांनी सोबत पाठवला आहे.

उत्तर:

ताई, तुमचा तक्ता मी नीट पाहिला. चाचणी चोख झाली आहे. इतक्या बारकाईने मोजून, वेळेत नोंद करूनही भर बैठकीत असं ऐकावं लागलं, याचा राग येणं साहजिक आहे. सगळा दोष तुम्ही आपल्या माथी घेऊ नका. ज्यांनी अहवालावर सही केली, त्यांनी तो वाचायला हवा होता. न वाचता सही करणारी साखळी ही तुमच्या लेखनाहून मोठी अडचण आहे, आणि ती तुमच्या एकटीने सुटणारी नाही.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे: "मी लिहिलं होतं." त्यावर जरा थांबू या. लिहिलं म्हणजे सांगितलं, असं तुम्ही धरून चालला आहात. अहवालात तुम्ही लिहिलं होतं ते असं:

"उच्च भार परिस्थितीत दीर्घकालीन चाचणीदरम्यान बेअरिंगच्या तापमानामध्ये लक्षणीय स्वरूपाची वाढ आढळून आली असून सदर बाबीचा पुढील टप्प्यात विचार करण्यात यावा असे सुचविण्यात येते."

आता घटकाभर तुमच्या वरिष्ठांच्या खुर्चीत बसा. हातात आणखी पाच अहवाल आहेत आणि उत्पादन सुरू करायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. या वाक्यातून तुम्हाला काय मिळालं? भार उच्च म्हणजे किती? दीर्घकालीन म्हणजे तासभर की आठवडाभर? वाढ लक्षणीय आहे, पण मर्यादेच्या आत की बाहेर? पंपाला दोन बेअरिंगं, त्यातलं कुठलं? विचार कुणी करायचा, आणि पुढचा टप्पा कधी येतो? या सगळ्याची उत्तरं तुमच्याकडे होती. ती तक्त्यात आहेत, परिशिष्टात आहेत, तुमच्या डोक्यात आहेत. वाक्यात मात्र त्यातलं एकही उतरलेलं नाही. आणि वाक्याचा सूर असा, की वाचणाऱ्याला वाटावं, नेहमीचीच एखादी बारीकसारीक नोंद असेल.

तुमच्याच आकड्यांवरून मी ते पुन्हा लिहून पाहिलं:

"नेमून दिलेल्या भाराच्या १२० टक्क्यांवर पंप सलग ४ तास चालवला, तेव्हा मोटरच्या बाजूच्या बेअरिंगचं तापमान ९८ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. आपली मर्यादा ९० अंश आहे. ५ पंपांपैकी ३ मध्ये हे दिसलं. कारण अजून नक्की झालेलं नाही. वंगण कमी पोचत असावं, अशी शंका आहे. कारण कळेपर्यंत १०० टक्क्यांपेक्षा जास्त भार देऊ नये, अशी शिफारस आहे. उत्पादनाला परवानगी देण्यापूर्वी रचना विभागाने यावर निर्णय घ्यावा."

यात अलंकार नाहीत, भाषेची कसरत नाही. शाळेतल्या मुलाला जमेल अशी वाक्यरचना आहे. माहितीही तुमचीच. तरी हे वाचून "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" म्हणण्याची सोय कुणाला उरत नाही.

लिहिताना मी एका ठिकाणी अडखळले, तेही सांगते. "५ पंपांपैकी ३ मध्ये" असं लिहिलं आणि प्रश्न पडला: उरलेले दोन का तापले नाहीत? त्यांची जुळणी वेगळ्या दिवशी झाली होती का, वंगण दुसऱ्या डब्यातलं होतं का? अहवालात याबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या मूळ वाक्यात हा प्रश्न पडायला जागाच नव्हती, कारण तिथे नुसती "वाढ आढळून आली" होती. स्पष्ट लिहिताना स्वतःच्या कामातली भोकं आपल्यालाच दिसायला लागतात. म्हणून लेखन हे चाचणी संपल्यावरचं कारकुनी काम आहे, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मी तर म्हणेन, चाचणी सुरू होण्याआधीच निष्कर्षाचा परिच्छेद लिहून बघा, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून. काय मोजायचं राहून जाणार आहे, ते तिथेच कळतं.

आता "आकडे समोर असताना वेगळं काय सांगायचं" याबद्दल. कोलंबिया अंतराळयानाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण झालं आणि ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी या धडकेचा अभ्यास केला आणि तो स्लाइडवर मांडला. त्यातली एक स्लाइड पुढे अपघाताच्या चौकशी अहवालात उदाहरण म्हणून छापली गेली. वर मोठ्या अक्षरांतलं शीर्षक धीर देणारं होतं. चाचण्यांच्या माहितीवरून सुरक्षिततेला पुरेशी जागा राखलेली दिसते, असा त्याचा रोख. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत खरी गोष्ट: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १९२० घन इंच, तर ज्या चाचण्यांच्या जोरावर धीर दिला जात होता त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट फरक! ज्या माहितीवर भरवसा ठेवायचा, ती या प्रसंगाला लागूच पडत नाही, असं तो आकडा ओरडून सांगत होता. पण तो होता तळाशी, आणि वर शीर्षक उलटंच सांगत होतं. त्याच स्लाइडवर तुमच्या "लक्षणीय"चा इंग्रजी भाऊबंद पाच वेळा आला आहे, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. दुर्घटनेची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळं ढकलणं अन्यायाचं होईल. तरीही आकडा समोर होता आणि काही बोलला नाही, हे खरंच. कोणता आकडा कशाशी ताडून पाहायचा आणि त्यातून काय ठरवायचं, हे माणसालाच लिहावं लागतं.

याहून तुमच्या प्रसंगाच्या जवळचं एक उदाहरण आहे. त्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून सविस्तर सांगते. सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात एक रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, उघडाच अडकला. पाणी बाहेर जात होतं, पण एका मापकावर पातळी वाढताना दिसली, म्हणून चालकांनी आपत्कालीन थंडाव्याचं पाणी बंद केलं. अणुभट्टी तेव्हा अवघ्या ९ टक्के क्षमतेवर चालू होती, त्यामुळे निभावलं. ही अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतले एक अभियंता, बर्ट डन, यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये मेमो लिहिला. मुद्दा स्वच्छ होता: हेच पूर्ण क्षमतेवर घडलं असतं, तर इंधनाला इजा होण्याची शक्यता होती, थंडाव्याचं पाणी घाईने बंद न करण्याच्या नव्या सूचना चालकांना ताबडतोब द्या.

पुढे काय झालं ते बघा. मेमो एका विभागातून दुसऱ्याकडे गेला. त्या विभागाला शंका आली, की ही नवी सूचना पाळली तर दुसराच काही त्रास उद्भवेल का? ऑगस्टमध्ये त्यांनी तिसऱ्या विभागाला मेमो पाठवला. त्यात भर होता तो या शंकेवर आणि कार्यपद्धतीतल्या बदलावर. मूळ धोका, म्हणजे अणुभट्टीचा गाभा उघडा पडून वितळू शकतो, हा मागे राहिला. वाचणाऱ्याला ते दोन विभागांमधलं नेहमीचं तांत्रिक चर्वितचर्वण वाटावं, असा तो कागद. त्याला वेळेत धड उत्तर मिळालं नाही आणि सूचना चालकांपर्यंत पोचल्याच नाहीत. २८ मार्च १९७९ रोजी, डन यांच्या मेमोनंतर १३ महिन्यांनी, अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात तसाच वॉल्व्ह तसाच उघडा अडकला. तिथल्याही चालकांनी थंडाव्याचं पाणी कमी केलं. अणुभट्टी या वेळी जवळजवळ पूर्ण क्षमतेवर होती. गाभ्याचा साधारण निम्मा भाग वितळला.

यात कुणी माहिती दडवली नव्हती, अडाणीही कुणी नव्हतं. प्रत्येकाने "लिहिलं होतं." मधल्या कागदाने मात्र वाचणाऱ्याला हे सांगितलं नाही, की तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर काय होईल.

तुम्ही म्हणाल, स्पष्ट लिहूनही कुणी ऐकलं नाही तर? तसंही घडतं. चॅलेंजर अंतराळयानाच्या रॉकेटमधल्या ओ-रिंगबद्दल, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कडीबद्दल, रॉजर बॉइजली या अभियंत्याने ३१ जुलै १९८५ रोजी आपल्या कंपनीतल्या वरिष्ठांना मेमो लिहिला होता. त्यात गुळमुळीत काही नव्हतं. मनुष्यहानी होऊ शकते, असं सरळ म्हटलं होतं. तरी २८ जानेवारी १९८६ ला उड्डाण झालं आणि सात जण गेले. स्पष्ट लेखनाने समोरच्याला शहाणपण येईलच, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण त्या मेमोमुळे पुढे चौकशीत "आम्हाला माहीत नव्हतं" ही ढाल टिकली नाही. तुमच्या बैठकीत ती टिकली, एवढाच काय तो फरक.

सोपं लिहिलं तर समज कच्ची वाटेल, ही तुमची भीती मी अनेक पत्रांत वाचते, संशोधन करणाऱ्यांच्या तर हमखास. डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये याची परीक्षाच घेतली. एकच मजकूर कठीण शब्द घालून आणि सोप्या शब्दांत, असा वेगवेगळ्या वाचकांना दिला. विनाकारण कठीण केलेल्या मजकुराच्या लेखकाला वाचकांनी कमी बुद्धिमान ठरवलं. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा शोधनिबंध जेमतेम पानभराचा आहे. आम्ही या रेणूसाठी एक रचना सुचवत आहोत, हे त्याच्या पहिल्याच वाक्यात येऊन जातं. विषय अवघड असला म्हणजे वाक्यही अवघड हवं, असं नाही. उलट विषय अवघड असेल तर वाक्याने तरी वाचणाऱ्याची ताकद खाऊ नये.

इंग्रजीचंही तसंच. तुमचं व्याकरण चुकलं म्हणून ते बेअरिंग नजरेआड गेलं नाही. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी एक सोपी तांत्रिक इंग्रजी ठरवलेली आहे, कारण त्या वाचणाऱ्या अनेक तंत्रज्ञांची मातृभाषा इंग्रजी नसते. तिचे नियम बघा: एका शब्दाचा एकच अर्थ, कृती सांगणारं वाक्य २० शब्दांपेक्षा मोठं नको, आणि माहिती सांगणारं २५ पेक्षा. बेताचं इंग्रजी असणाऱ्याला हे नियम पाळणं सोपं जातं, कारण त्याला लांबलचक वाक्यांचा सोसच नसतो. एकाच भागाला एका पानावर "बेअरिंग", दुसऱ्यावर "धारक घटक" आणि तिसऱ्यावर "सदर भाग" म्हणू नका. निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवतात. तांत्रिक अहवालात तीच पुनरुक्ती वाचणाऱ्याचा आधार असते.

एक खरा पेच मात्र आहे, आणि तो तुम्ही बरोबर हेरला आहे: "कारण पक्कं माहीत नसताना ठाम कसं लिहू?" ठाम आणि स्पष्ट यांत फरक करा. अनिश्चितताही स्पष्ट लिहिता येते. हवामान बदलावरच्या आयपीसीसी या आंतरसरकारी समितीने यासाठी शब्दच नेमून दिले आहेत. "शक्यता आहे" म्हटलं की ६६ ते १०० टक्के, "दाट शक्यता" म्हटलं की ९० ते १००, "जवळजवळ निश्चित" म्हटलं की ९९ ते १००. तुम्हाला इतकं काटेकोर होण्याची गरज नाही. काय मोजलं, त्यावरून काय वाटतं, आणि काय माहीत नाही, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत ठेवल्या तरी पुष्कळ. "असू शकते असे दिसून येते असे वाटते" या छापाची वाक्यं सावधगिरीची वाटतात, पण वाचणाऱ्याला ती कुठलीच बाजू धरू देत नाहीत.

लेखन दुसऱ्याकडे सोपवण्याबद्दल. भाषा तपासून घ्यायला माणूस मिळाला तर जरूर घ्या, एआय साधन वापरायलाही माझी ना नाही. व्याकरण सुधारेल, वाक्यं आटोपशीर होतील. पण तुमचं मूळ वाक्य अशा साधनाला दिलंत, तर ते "लक्षणीय वाढ" अधिक गुळगुळीत करून परत देईल. ९८ आणि ९० मधला फरक किती गंभीर आहे, हे त्याला कुठून कळणार? कधी "वाटतं"चं "आहे" करून ठेवेल आणि तुमच्या नजरेतून निसटेल. म्हणून काय सापडलं, त्याने काय बिघडतं, कुणी काय करावं, कधीपर्यंत, आणि काय अजून माहीत नाही, हे आधी स्वतःच्या हाताने, तुटक का होईना, लिहा. मग ते कुणाकडेही द्या. परत आल्यावर प्रत्येक आकडा आणि त्याचं एकक मूळ नोंदीशी ताडून बघा. ते काम दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही.

पुढच्या अहवालापासून एवढं करून पाहा. पहिलं पान निर्णय घेणाऱ्यासाठी ठेवा, उरलेली पानं तपासणाऱ्यासाठी. चाचणीचा उद्देश, उपकरणांची यादी, पद्धत हे सगळं हवंच, पण पहिल्या पानावर नको. आपण काम ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगायची आपल्याला सवय असते. वाचणाऱ्याला मात्र शेवटचं आधी हवं असतं. शीर्षकातच निष्कर्ष येऊ द्या: "चाचणी अहवाल क्रमांक अमुक" याऐवजी "१२० टक्के भारावर बेअरिंग मर्यादेबाहेर तापतं". मग ते पान त्या चाचणीशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला दोन मिनिटं वाचायला द्या आणि कागद काढून घेऊन विचारा, "तू वरिष्ठ असतास तर आता काय केलं असतंस?" तो अडखळला, तर दोष त्याचा नाही, पान पुन्हा लिहा. आणि शक्य असेल तिथे पाठवण्याआधी वरिष्ठांनाच विचारा: या अहवालावरून तुम्हाला नेमकं काय ठरवायचं आहे? हा प्रश्न विचारायला आपण कचरतो, पण त्याने निम्मं काम हलकं होतं.

नोकरी बदलण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा, असं मला वाटतं. ही अडचण नव्या जागीही तुमच्यासोबत येईल. तिथेही अहवाल असतील आणि घाईत वाचणारे वरिष्ठ असतील. मात्र धोक्याची गोष्ट पहिल्या पानावर, ठळक लिहूनही तिथे वारंवार कानाडोळा होत असेल, तर तो लेखनाचा प्रश्न राहिला नाही. तसं असेल तर मला पुन्हा लिहा, आपण वेगळ्या तऱ्हेने विचार करू.

आत्ताचं काम मात्र पुढच्या अहवालापर्यंत थांबणारं नाही. ते बेअरिंग अजून तापतंच आहे. बैठकीत कोण बरोबर होतं हा वाद सोडा. आज एक पानाचं टिपण करा, वर दिलेल्या परिच्छेदात हवा तो बदल करून घ्या, न तापलेल्या दोन पंपांबद्दल जे ठाऊक असेल ते दोन ओळींत जोडा. रचना विभागाच्या प्रमुखांना नाव घालून पाठवा, वरिष्ठांना प्रत द्या, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं ते लिहा. त्या तारखेला उत्तर आलं नाही, तर टिपण हातात घेऊन स्वतः जा आणि समोर बसून विचारा.